साठीतला चित्रकलेचा पहिला वर्ग



या व्यासपीठावर जाणकारांनी बोलावं अशी रीत आहे. मी जाणकार नाही. माझी सगळी नोकरी हिशेबाची. निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, मी चित्रकलेच्या पहिल्या वर्गात बसलो, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते चित्रकाराचं नाही, नवशिक्याचं आहे. शाळा सुटल्यापासून ज्यांनी कागदावर एक रेघसुद्धा ओढलेली नाही, अशा तुमच्यातल्या मंडळींसाठी ते आहे.

सौंसरला दर रविवारी सकाळी एका घराच्या ओसरीवर आमचा वर्ग भरतो. आम्ही सातजण. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी ती पायरी चढताना मला फार लाज वाटली. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्हालाही वाटेल. आपल्या घरांत साठीच्या माणसाला विचारल्याशिवाय लग्नाची बोलणी होत नाहीत, बागेचा भाव ठरत नाही. त्या माणसानं सगळ्यांदेखत वाकडी रेघ काढायची आणि लेकीच्या वयाच्या बाईनं ती पुन्हा काढायला सांगायची, हे सोपं नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी पाटावर एक संत्रं ठेवलं. मनात म्हटलं, संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला हे काय शिकवणार! पाच मिनिटांत मी गोल काढला, वर देठ काढला, देठाला एक पान काढलं. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "काका, पान कुठं आहे?"

समोरच्या संत्र्याला पान नव्हतंच.

"तुम्ही पाहून नाही काढलं," त्या म्हणाल्या, "आठवून काढलं."

महाराष्ट्रातली मुलं एलिमेंटरीच्या परीक्षेला बसतात तेव्हा वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे विषय वेगवेगळे असतात. मी वस्तुचित्राच्या तासाला स्मरणचित्र काढून बसलो होतो. मग तासभर त्या एका फळाकडे पाहिलं. ते गोल नव्हतं. देठाशी मान वर आलेली, बूड चपटं, एका अंगाला साल सैल. सावलीची कड फळाजवळ ठसठशीत होती आणि दूर जाता जाता विरत होती. सावलीतल्या बाजूवरही खालच्या कागदाचा उजेड पडून एक फिकट पट्टा उमटला होता.

आता, आपल्याकडच्या माणसाची नजर कच्ची नाही. फळ हातात घेताच तो सांगेल हा अंबिया की मृग, हा डाग कशाचा, किती दिवस टिकेल. पण ती भावाची नजर आहे. हवं तेवढं टिपते आणि पुढे जाते. मीही नोकरीत कागद कधी वाचले नाहीत, त्यातली चूक शोधली. चित्र काढायला बसलं की समोरच्या वस्तूकडून काहीच मिळवायचं नसतं, म्हणून ती हळूहळू दिसायला लागते.

यासाठी वर्गात काही साध्या युक्त्या शिकवतात. हात पुढे ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं: लोट्याची रुंदी उंचीत कितीदा बसते? खुर्ची काढायची तर खुर्ची काढायचीच नाही, तिच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. तिसरी युक्ती मला सर्वांत आवडली. एखादं रेखाचित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायची. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेनं १९७९ साली नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यामुळे ही युक्ती जगभर पोचली. चित्र उलटं असलं की नाक कुठलं, कान कुठला हे कळत नाही. नाक म्हणून ठरलेलं नाक मग काढता येत नाही, समोर आहे ती रेघच काढावी लागते. आम्हा सातही जणांची उलटी चित्रं सुलट्यांपेक्षा बरी आली.

तुम्ही विचाराल, या वयात शिकून चित्रकार थोडंच व्हायचं आहे? हा प्रश्न जुना आहे. १८५४ साली लंडनमध्ये कामकरी माणसांसाठी एक कॉलेज निघालं. दिवसभर कारागिरी करून आलेली प्रौढ माणसं तिथं संध्याकाळी शिकत. जॉन रस्किनसारखा नामांकित कलासमीक्षक त्यांना चित्रकला शिकवायला जाई. सुताराला चित्रकार करणं हा आपला हेतू नाही, तो सुतार म्हणूनच अधिक सुखी व्हावा, अशी त्याची भूमिका होती. १८५७ साली त्यानं नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात रस्त्यावरचा एक साधा गोटा उचलून आणून तो काढायला सांगितलं आहे. गोटा साधला तर बाकीचंही साधेल, असं त्याचं म्हणणं. त्याच १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथून मोठे चित्रकार बाहेर पडले. पण रस्किनच्या संध्याकाळच्या वर्गासारखी जागा आपल्या गावांत क्वचितच असते, आणि आपल्याला गरज त्याच जागेची आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच जुन्या मध्यप्रांतातलं. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया इथं झाला. लहानपणी शाळेत त्यांचं चित्त एका जागी राहत नसे. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितलं. पुढे रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मुंबईला गेले, १९५० साली पॅरिसला गेले. साठीच्या आसपास त्यांच्या चित्रांत तोच ठिपका बिंदू होऊन परत आला. पहिला धडा हात चालवायचा नव्हता, बघत बसायचा होता.

ठिपक्यावरून घरचं आठवलं. माझी बायको छत्तीस वर्षं रोज सकाळी दारात रांगोळी काढते. ठिपके मांडते, चिमटीतून रांगोळी सोडते, आणि डावा-उजवा भाग न मोजता सारखा येतो. ती वळणदार रेघ मला वर्गात तीन महिने जमत नव्हती. छत्तीस वर्षं मी रांगोळीला वळसा घालून स्कूटर बाहेर काढली, थांबून पाहिलं नाही. घरातली चित्रकार कोण हे मला वहीवर हरल्यावर कळलं. तिला विचारलं, "रेघ चुकली तर गं?" ती म्हणाली, "चुकली तर चुकली. उद्या दुसरी काढायचीच आहे." पायरी चढतानाची माझी लाज या उत्तरानं गेली.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्या गोष्टीकडे येतो.

आपली घरं इथं कित्येक पिढ्यांची. १९५६ साली नागपूर सीमेपलीकडे गेलं, २०२३ साली आपला जिल्हा छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. कागदावरचा पत्ता बदलला तरी ओसरी, विहीर, माणसं तीच. इतकं जुनं असलं की सगळं ओळखीचं होतं, आणि ओळखीचं झालं की पाहायचं राहून जातं. माझे वडील गेले तेव्हा आम्ही भाऊ बसून बोलत होतो. त्यांच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खूण होती. ती डावीकडे की उजवीकडे, यावर आमचं एकमत होईना. फोटो एकच, तोही टोपी घातलेला. चाळीस वर्षं एका पंगतीत जेवलो, आणि तिघांपैकी एकालाही खात्रीनं सांगता आलं नाही.

वर्गात हातांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा मी आईसमोर वही घेऊन बसलो. ती चौऱ्याऐंशीची. "काय पाहून राहिला रे असा?" म्हणाली. म्हटलं, हात मांडीवर ठेव, हलवू नको. वीस मिनिटं काढत होतो. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट माझ्या रेघेशी जुळेना. दोनदा खोडलं. मला वाटलं माझंच चुकतं आहे. मग लक्षात आलं, ते बोट सरळ होतच नव्हतं.

"हे कधीपासून?"

"झाले तीन वर्ष."

त्या तीन वर्षांत तिच्या हातची पोळी मी रोज खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. बोट आता पूर्ण सरळ होणार नाही, पण दुखणं कमी झालं आहे. चित्र काही चांगलं आलं नाही. आईनं पाहिलं आणि विचारलं, "हे आलं आहे का?" खरोखरच आल्याच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. तरी ते मी जपून ठेवलं आहे. त्या वाकलेल्या बोटाचं वळण तेवढं त्यात बरोबर आलं आहे.

मित्रहो, वर्ग नसेल तर हरकत नाही. एक वही आणि एक टू-बी पेन्सिल पुरते. घरातलं जे माणूस सर्वांत ओळखीचं आहे त्याच्यासमोर वीस मिनिटं बसा. पाहा आणि काढा. चित्र फसेल, ते फसू द्या. पण आपल्या माणसाची खूण डावीकडे आहे की उजवीकडे, हे तो समोर असतानाच तुम्हाला ठाऊक होईल.