कॅनॉलच्या भरावावरून

पाण्याकाठच्या शहराचे फोटो म्हटलं की डोळ्यांपुढे व्हेनिस येतं, नाहीतर ॲमस्टरडॅम. बारामतीतल्या जळोचीच्या माणसाला मात्र तेवढं लांब जायला नको. नीरा डावा कालवा आपल्या बारामतीच्या भर वस्तीतून वाहतो. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर, 1880 च्या दशकात तो खोदला गेला. गावाला आलेले पाहुणे त्याचा फोटो काढतात तो पुलावर उभं राहून, बरोबर मधोमध. दोन काठ, मध्ये पाणी, वर पांढरंफटक आभाळ. असे शंभर फोटो पाहिले तरी एकही लक्षात राहत नाही.

म्हणून पहिली विनंती, पुलावरून खाली उतरा आणि भरावावरून चालत राहा, एखादं वळण येईपर्यंत. कालवा वळणं घेतो त्याला कारण आहे. पाण्याला पंप लागू नये, आपल्या ओढीनंच ते पुढं जावं, म्हणून तो जमिनीची उंची धरून, अगदी मंद उतारानं नेलेला असतो. टेकाड आलं की तो वळसा घालतो. ते वळण फोटोत आलं की बघणाऱ्याची नजर पाण्याबरोबर आत जाते. वळणावर एखादं कडुनिंबाचं झाड किंवा सायकलवरचा माणूस असला तर आणखी चांगलं, कारण त्यावरून कालवा केवढा आहे ते कळतं.

आता उजेडाचं बघू, कारण खरी गंमत तिथंच आहे. आपला कॅनॉल वीर गावाकडून इंदापूरकडे, म्हणजे ढोबळमानानं पश्चिमेकडून पूर्वेला जातो. सकाळी सूर्य उगवला की पाणी जाईल तिकडं तोंड करून उभे राहा. सूर्य समोर येतो, पाण्यावर चांदीचा पट्टा पडतो आणि काठावरची माणसं काळ्या सावलीसारखी उठून दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर त्या चकाकणाऱ्या पट्ट्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा, मग आभाळ पांढरं पडणार नाही. तिथंच पाठ फिरवलीत की सूर्य मागं येतो आणि लुगड्यांचे, भिंतींचे, शेवाळाचे खरे रंग दिसतात. एकाच जागेवरून दोन वेगळे फोटो मिळाले! संध्याकाळी याच्या उलट करायचं. दुपारी बारा ते तीन मात्र मोबाइल खिशात ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि निघण्यापूर्वी भिंग मऊ कापडानं पुसा. बोटाचा तेलकट डाग सगळी सकाळ धुरकट करून टाकतो.

नदीला ऋतू असतात, कालव्याला आवर्तन असतं, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी. पाणी सुटलं की ते गढूळ असतं, जोरानं धावतं, त्यात प्रतिबिंब धरत नाही. तेव्हा धाव टिपावी: मोरीपाशी उसळणारा फेस, चारीत वळणारं पाणी, दारावर उभा पाटकरी. पाणी बंद झालं की तळात डबकी उरतात, आणि वारा पडलेला असेल तेव्हा ती आरशासारखी होतात. अशा वेळी वाकून मोबाइल अगदी खाली न्यावा. हाताएवढ्या डबक्यातही अख्खं झाड मावतं. काठाच्या दगडांवर पाण्याची एक ओली रेघ राहिलेली असते, काल पाणी कुठवर होतं ते सांगणारी. मला ती रेघ फार आवडते.

कऱ्हा नदीचा काठ वेगळा. तिथं बाबूजी नाईकांचा वाडा आहे आणि कवी मोरोपंतांच्या आठवणी आहेत. पंत 1794 मध्ये गेले, म्हणजे हा कालवा त्यांनी पाहिलाच नाही. जुनं गाव नदीकडे बघून वाढलं, बागायत कालव्याकडे बघून. एका फेरीत दोन्ही पाण्यांचे फोटो घेतलेत तर बारामतीची गोष्ट पुरी होते. जळोचीच्या उपबाजारात पहाटे उतरणारा भाजीपालाही याच गोष्टीतला आहे, कारण बागायतीच्या मागं कालव्याचंच पाणी आहे.

काठावर बाया धुणं धुतात. लांबून चोरून फोटो काढू नका. जवळ जा, "मावशी, एक फोटो काढू का?" असं विचारा. नाही म्हणाल्या तर पुढं चला. हो म्हणाल्या तर लगेच बटण दाबू नका. सुरुवातीला त्या सावरून बसतील, पदर नीट करतील. जरा वेळानं पुन्हा कामाला लागतील, आपटलेल्या कपड्यातून पाणी उडेल आणि त्या थेंबांत ऊन सापडेल. तो तुमचा फोटो. काढल्यावर त्यांना दाखवा.

आणि एक कळकळीचं सांगणं. पाणी सुटलेलं असताना उतारावर पाय ठेवू नका, पाण्याकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका. शेवाळावरून पाय सटकला की त्या ओढीत सावरायला काही हाताला लागत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका.

येत्या आवर्तनाला भरावावरची एक जागा ठरवा आणि तिथून एक फोटो काढा. पाणी बंद झाल्यावर त्याच जागेवर, त्याच वेळी उभं राहून दुसरा काढा. दोन्ही कागदावर छापून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा.