उंचावरची हवा आणि आपलं वजन



मी सॉफ्टवेअरवाली, दिवसभर खुर्चीत. तुमच्यापैकीही बरेच तसेच, म्हणून बोलते. म्युनिकच्या डॉक्टरांचा एक प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 लठ्ठ पुरुष 2,650 मीटर उंचीवर आठवडाभर राहिले. जेवणावर बंधन नाही, जादा व्यायाम नाही. तरी वजन सरासरी दीड किलोने उतरलं. विरळ हवेत भूक मंदावते, शरीर जास्त ऊर्जा जाळतं.

आपलं जळगाव-धुळे 200-250 मीटरवर. तोरणमाळसुद्धा त्या उंचीच्या निम्म्याहून कमी. डोंगर काही आपल्या मदतीला येणार नाही. शिवाय आपल्यासाठी लठ्ठपणा बीएमआय 25 पासूनच मोजतात. भरीत-पुरी खुशाल खा, पण मेहरुण तलावाला रोज फेरी मारा. पुढच्या मेळाव्याला सगळेच हवेत.