थोड्या कृती, निवांत नजर : लहान कलादालनांचा आस्वाद

चित्रे, शिल्पे किंवा तत्सम कलाकृती पाहण्यासाठी योजलेली जागा म्हणजे कलादालन, ही व्याख्या स्वीकारली, तर लहान कलादालनाचे वैशिष्ट्य त्याच्या भिंतींच्या लांबीपेक्षा तेथे येणाऱ्या दर्शकाच्या गतीवरून अधिक नेमके ओळखता येते. मोठ्या शहरातील संग्रहालयात एका दिवसात सर्व काही पाहून घेण्याची घाई दर्शकाला दालनामागून दालन ओलांडायला लावते. जेथे कृतीच मोजक्या आहेत, तेथे त्या घाईला कारण उरत नाही, आणि एका कृतीपुढे बराच वेळ थांबणे व काही दिवसांनी तिच्याकडे परत येणे या दोन्ही गोष्टी सहज शक्य होतात. या सवडीतूनच आस्वाद, म्हणजे कृतीची घडण समजत जाताना होणारा आनंद, कसा घडतो, हे महाड-पोलादपूर परिसरातून निघणाऱ्या वाटांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी प्रदर्शनासाठी कोरलेली नाहीत. भिक्षूंचा निवास आणि उपासना हे त्यांचे प्रयोजन होते, म्हणून त्यांना कलादालन म्हणणे काटेकोरपणे योग्य ठरणार नाही, तरी निवांत पाहण्याची शिस्त तेथे उत्तम लागते. तेथील एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या लेण्याची, चैत्यगृहाची, आठ ओवरकांची म्हणजे राहण्याच्या खोल्यांची आणि दोन पोढींची म्हणजे पाण्याच्या टाक्यांची नोंद आहे. हा मजकूर ठाऊक असलेला दर्शक समोरचा खडक दानपत्रासारखा वाचू लागतो, एकेक खोली आणि टाके शोधून काढतो, आणि त्यानंतर बुद्धमूर्तीपाशी आला की मूळ दानानंतरच्या काळात उपासनेची रीत बदलत जाऊन मूर्तीला स्थान मिळाले, हा इतिहासही त्याला त्याच दगडात दिसू लागतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि पुढे सातारा जिल्ह्यातील औंध गाठता येते, जेथे औंध संस्थानचे अधिपती व स्वतः चित्रकार असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभे केले. राजा रविवर्मा यांचे ‘सैरंध्री’ आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक हे पाषाणशिल्प एका खेड्यातल्या संग्रहात पाहायला मिळावे, यातील आनंद केवळ आश्चर्याचा नाही. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढल्यानंतर त्यांची चित्रे ओलिओग्राफच्या, म्हणजे शिळाछपाईने तैलरंगाचा भास निर्माण करणाऱ्या प्रतींच्या, रूपाने घराघरांत पोचली. अशा छापील प्रतींवर वाढलेली नजर मूळ चित्रापुढे आली की रंगाचे थर, कुंचल्याची फिरत आणि चित्राचा खरा आकार या प्रतीत हरवलेल्या गोष्टी तिला प्रथमच सापडतात.

कशेडी घाट ओलांडून दक्षिणेकडे गेल्यास चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर लागते. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयाने वस्तुसंग्रहालयही उभारले असून, पुस्तक बदलायला आलेला वाचक जाता जाता संग्रहही पाहू शकतो, आणि त्यामुळे कला पाहणे हा सणासुदीचा प्रसंग न राहता नित्याच्या फेरीचा भाग होतो. त्याही पुढे देवरुखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात भारतीय चित्रकारांच्या मूळ कृती पाहता येतात, ज्यांच्यासाठी एरवी कोकणातील विद्यार्थ्याला मुंबई गाठावी लागली असती.

अशा जागा टिकवणे मात्र सोपे नाही, कारण या पट्ट्यातील अतिवृष्टीच्या महिन्यांत हवेतील दमटपणामुळे कागदाला बुरशी धरते, कॅनव्हास सैल पडतो, आणि जुलै २०२१ मधील महापुरात महाड व चिपळूण या दोन्ही शहरांनी पाहिल्याप्रमाणे तळमजल्यावरचा संग्रह काही तासांत पाण्याखाली जाऊ शकतो. म्हणून या भागात नवे कलादालन योजताना प्रशस्त इमारतीपेक्षा वरच्या मजल्यावरची कोरडी भिंत, थेट ऊन टाळणारा सौम्य उजेड, हवा खेळती राहण्याची सोय आणि निवडून मांडलेल्या दहा-बारा कृती यांना अग्रक्रम द्यावा लागेल. वाचनालयाची किंवा शाळेची एखादी खोली एवढ्यासाठी पुरेशी आहे; तिला कलादालनाचे मोल येते ते एकदा पाहून गेलेला दर्शक त्याच कृतीत पूर्वी न दिसलेले काही शोधण्यासाठी पुन्हा येऊ लागतो तेव्हा, आणि मोजक्या कृतींचा संग्रह नेमक्या याच पुनर्भेटीला अनुकूल असतो.