ऑइल बदलताना



पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा दिसतो तो मीच! वॉरंटी होती तोवर गाडी मुकाट्याने शोरूमलाच देत होतो. वहीत शिक्के लागतात, तिथे हौस चालत नाही. पुढे एकदा बिल भरून घरी आलो, डिपस्टिक ओढून पाहिली, तर ऑइल काळंकुट्ट. पेट्रोल गाडीचं नवं ऑइल मधासारखं दिसतं हो! तेव्हापासून नाना पेठेतून ऑइल, फिल्टर, वॉशर मीच आणतो. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट सोडायचा, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरायचं नाही, ही आमच्या सौ.ची अट.

एक कबुली द्यायचीय. पहिल्या वेळी निघालेलं तीनेक लिटर जळकं ऑइल मी मागच्या पावसाळी गटारात ओतलं. ते पाणी मुठेलाच जातं. शोरूमवाला निदान पिंपात साठवतो, मी तेवढंही केलं नाही. आता कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पोचवतो; त्याच्याकडून रिसायकलिंगवाले नेतात. गेल्या दिवाळीपासून तीन कॅन झालेत. समितीने पंपरूमबाहेर झाकणाचं एक पिंप ठेवू दिलं, तर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे.