आधी पाहा, घासू नका

श्रोतेहो, तुमच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो: ‘माझ्या नाण्यावर काहीतरी वेगळं दिसतंय, ही टांकसाळीची चूक आहे का?’

नाणं घडताना धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांची कड उचलतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबतात. या कामात जे बिघडलं, ती टांकसाळीची चूक. नंतर रुळावर ठेवून चेपलेलं किंवा गळ्यात घालायला भोक पाडलेलं नाणं, ही नुसती इजा.

फरक ओळखायचा कसा? ठशाला तडा गेला की दाबलेला धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो. उजेड तिरपा पाडा आणि दहापट भिंगातून बघा. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसेल, तर लगेच त्याच्या बरोबर समोरची कड तपासा. चकती पट्टीतल्या आधीच्या भोकावर चढून कापली गेली असेल, तर कड उचलताना समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब पडत नाही आणि तिथली कड बहुधा पुसट निघते. कानशीने तुकडा काढणाऱ्याला समोरचं हे लक्षण काही जमत नाही.

आणि आता ते, जे मी दर वेळी सांगतो. नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, टूथपेस्टही नको!

मागच्या दिवाळीनंतर एक आजी १९५७ सालचा ब्राँझचा नवा पैसा घेऊन आल्या. त्यावरच्या ‘रुपये का सौवाँ भाग’ या ओळीतली दोन अक्षरं नव्हतीच. ठशाच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली की अशी अक्षरं उमटत नाहीत. तसं असेल, तर त्या जागेवरही आजूबाजूसारखाच मूळ पृष्ठभाग दिसतो. अक्षरं झिजून गेली असतील, तर तिथे झिजेच्या खुणा दिसतात. पण आजींनी लक्ष्मीपूजनाला तो पैसा चिंच-मीठ लावून लख्ख केला होता. ‘तुम्हाला नीट दिसावं म्हणून आज परत घासून आणला,’ म्हणाल्या. काय बोलणार? चिंचेच्या आंबटाने वरचा जुना थर गेला, मिठाच्या कणांनी बारीक रेघा पडल्या. ती अक्षरं मुळात उमटली नव्हती की घासून गेली, हे आता मला सांगता येत नाही आणि दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही. अहो, तो काळपट थर मळ नसतो! साठ-सत्तर वर्षांत तांब्याने स्वतःवर चढवलेलं ते पांघरूण आहे, आणि एकदा गेलं की तसंच्या तसं परत येत नाही. पूजेला दुसरी नाणी घ्या, लक्ष्मी रागावणार नाही. फारच चिखल असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. टिपून म्हणतोय मी, पुसून नाही.

आता नाण्यावरच्या वर्षाखालच्या खुणा: हिरा मुंबईच्या टांकसाळीचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. या चुका नव्हेत. आणखी एक, नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीरपणे सावध केलं आहे. वजनाचा संशय आला तर सोनाराच्या काट्यावर बघा, सध्याचं दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं.

दाखवायला आणाल तेव्हा नाणं कडेला धरून कागदी पाकिटात घाला. ते कुठे आणि कधी मिळालं ते पाकिटावर लिहा, म्हणजे नाण्यावर काही चिकटवावं लागणार नाही. आणि आजी, ऐकत असाल तर तो नवा पैसा टाकून देऊ नका. तसाच ठेवा, मला तो पुन्हा एकदा भिंगाखाली बघायचा आहे.