मातीतले शिसे

शिशाची गोळी लक्ष्यावर बसली, की नेमबाजाचे काम संपते. लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात मात्र ती वर्षानुवर्षे रुतून राहते. तिच्यावर पांढरी पुटे चढतात, आणि माती आम्लधर्मी असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर शिसे हळूहळू झिरपू लागते. बंगळूरची तांबडी माती बहुधा अशीच असते.

याच शहरात १९९९ साली शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी रक्तातील शिशाच्या तपासणीचे कार्य उभारले. २००० साली देशातील मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले. मातीतले शिसे मात्र कुजत नाही की जळत नाही. बालकांच्या मेंदूला ते अपाय करते, आणि त्याचे निर्धोक असे प्रमाण कोणतेच नाही.

उपाय अवघड नाहीत. बांधाची माती ओलसर ठेवून चाळावी, म्हणजे धूळ उडत नाही. वेचलेल्या गोळ्या वितळवून पुन्हा उपयोगात आणता येतात. उरल्या मातीत चुना घालावा; फॉस्फेट मिसळल्यास शिसे न विरघळणाऱ्या खनिजात बांधले जाते. वर गवत लावावे, म्हणजे धूप थांबते. मैदान उभारतानाच या खर्चाची तरतूद व्हावयास हवी. एरवी तो भार शेजारच्या मुलांवर पडतो.