कयाकमधून फ्लाय फिशिंग : दोरी कोणती घ्यावी?

न्यू जर्सीतल्या रॅरिटन बेमध्ये एप्रिलमध्ये स्ट्राइप्ड बास येतात. पहिल्या वर्षी मीही कयाक घेऊन गेलो. आठ नंबरचा रॉड, त्यावर सेलमधून उचललेली 'ट्रॉपिकल' दोरी. ती फ्लोरिडाच्या उन्हासाठी असते. आपल्या गार पाण्यात कडक होऊन तिच्या जिलब्या झाल्या. मासा लागला, पळाला आणि एक वेटोळं पायाजवळच्या पेडलमध्ये अडकलं. कयाक कलंडता कलंडता राहिली. टोकाची बारीक दोरी तुटली म्हणून वाचलो. लाइफ जॅकेट होतं, पण त्या पाण्यात हातपाय मिनिटांत बधिर होतात.

तेव्हा आधी पाहा, दोरी थंड पाण्याची आहे ना. साध्या गळाला शिसं असतं. इथे फ्लाय पिसासारखी हलकी, तिला लांब नेतं ते दोरीचंच वजन. कयाकमध्ये आपण वीतभर उंचीवर बसतो, मागे फेकलेली दोरी पाण्याला लागते. म्हणून वजन पुढच्या आखूड भागात असलेली 'वेट फॉरवर्ड' घ्या. फार झुलवावी लागत नाही. मी आठच्या रॉडवर नऊची लावतो. जाणकार नाकं मुरडतात, मुरडू देत.

तरंगणारी दोरी उथळ, शांत पाण्यात छान. वाऱ्यात मात्र कयाक एकीकडे, दोरी दुसरीकडे. सेकंदाला दीड-दोन इंच बुडणारी 'इंटरमिजिएट' ताठ राहते. एकच घ्यायची तर हीच. ओढलेली दोरी पायाशी नको, मांडीवरच्या टोपलीत ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा; बाथटबमध्ये धुणार असाल तर आधी घरात विचारा.